अमेरिकन गाडी आणि राहिलेली सही

मला उंची नाही आणि राग आहे. मोटारसायकल घेताना या दोन्ही गोष्टी आड येतात. पाच फूट एक इंच उंचीची बाई शोरूममध्ये शिरली की तिला आधी स्कूटर दाखवतात, मग पाणी देतात आणि मग विचारतात, "मॅडम, सरांसाठी बघताय का?" पहिल्या शोरूममध्ये मी म्हटलं, "सर नाहीत." दुसऱ्यात म्हटलं, "मीच सर." तिसऱ्यात काही न बोलता सरळ जाऊन गाडीवर बसले आणि पाय जमिनीला लागेनात म्हणून तशीच उतरले. तिथला विक्रेता हसला नाही, एवढं त्याचं चांगलं.

माझं वय त्रेचाळीस. लग्न केलं होतं, दोन वर्षांत सुटलं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. नवीन पनवेलला एका जुन्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. नोकरी बंदराकडे, कस्टम क्लिअरन्सच्या ऑफिसात, कागदांच्या टेबलावर. कंटेनरमधला माल आणि त्याचे कागद जुळतात की नाही, हे बघायचं माझं काम. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर डबा आठ-आठ दिवस अडकून पडतो आणि सगळे मिळून माझ्या नावाने शंख करतात. त्यामुळे वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे अंगात मुरलंय. ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचं कार्ड फिरत आलं तरी मी ते आधी पूर्ण वाचते. सगळे हसतात, मी पण हसते, पण वाचते.

ऑफिसचा रस्ता म्हणजे ट्रेलरचा रस्ता. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, मधे मी आणि माझी अकरा वर्षांची दीडशे सीसीची गाडी. बिचारीने तक्रार कधी केली नाही, पण ट्रेलर ओलांडायला गेलं की अर्ध्यात दमायची. गेल्या वर्षी अशीच एका लांबलचक डब्याच्या बरोबरीने अडकले. पुढे जाववेना, मागे सरकता येईना आणि समोरून दुसरा येताना दिसला. कशी निसटले ते मला आजही नीट आठवत नाही. ऑफिसात पोचून चहा घेतला. तेव्हा लक्षात आलं की हे सांगायला आपल्याला कुणीच नाही. टेबलावरच्या कुणाला सांगितलं असतं तर "मग बसने या ना" म्हणाले असते. तो चहा संपेपर्यंत मी ठरवलं, मोठी गाडी घ्यायची.

ठरवल्यावर सल्ले सुरू झाले. वॉचमन म्हणाला, कार घ्या. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, या वयात कशाला? ऑफिसातल्या प्रत्येकाने आधी एकच विचारलं, "किती देते?" लिटरमागे किती किलोमीटर, हे एकदा कळलं की आपल्याकडे गाडीबद्दल सगळं कळतं. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे मला बरं जमतं. पण खरं सांगायचं तर मला एकाच माणसाचं ऐकायचं होतं आणि तेवढ्या एकालाच विचारता येत नव्हतं.

तो माणूस म्हणजे माझा दादा. पाच वर्षांनी मोठा. आमचं गाव खाडीच्या कडेला, वडिलांची मिठागरं होती. आई मी शाळेत असतानाच गेली. मी सतरा वर्षांची असताना दादाने मला मिठागराच्या बांधावर वडिलांची मोटारसायकल शिकवली. बांध दीड हात रुंद, दोन्ही बाजूंना पाणी, त्यामुळे सरळ चालवण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. गावातल्या बायका म्हणाल्या, पोरीला फटफटी शिकवतोस, हिला बायको कोन करनार? दादा म्हणाला, "मी आजारी परलो तर मला पनवेलला नेनार कोन, तुमी?" दादाला गाड्यांचं वेडच होतं. ओट्यावर रस्त्याकडे पाठ करून बसलेला असायचा आणि नुसत्या आवाजावरून सांगायचा, कुणाची गाडी आली आणि तिचं काय बिघडलंय. माझी दीडशे सीसी त्यानेच निवडली होती. मी नुसती मागे उभी होते.

चार वर्षांपूर्वी आमचं बोलणं थांबलं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, कारण भांडण मिटवता येतं.

वडिलांचं वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्या रविवारी दादा, काका आणि एक दस्तऐवज करून देणारा गृहस्थ असे तिघं माझ्या घरी आले. बरोबर हक्कसोडपत्र. आमच्याकडे बाप गेला की बहिणीने जमिनीवरचा हक्क भावाला सोडून द्यायचा, हे कुणी सांगावं लागत नाही. साडी घ्यायची, डोळे पुसायचे, सही करायची. आत्यांनी केली, चुलत बहिणींनी केली. मीही करणार होते. जमीन घेऊन मी काय तिसऱ्या मजल्यावर मीठ पिकवणार होते? काकांनी कागद टेबलावर ठेवला, पेन उघडून माझ्या हातात दिलं आणि बोट टेकवून म्हणाले, "हितं कर, बाय."

मी म्हटलं, "ठेवून जा. वाचून करते."

रोज वीस वेळा तोंडातून जाणारं वाक्य. ऑफिसात मालकालाही मी हेच सांगते आणि तो म्हणतो, ठीक आहे. पण माझ्या बैठकीच्या खोलीत एकदम कुणी मेल्यासारखं झालं. काका म्हणाले, "घरचा कागद वाचतेस? आमी काय परके हाव?" मी म्हटलं, तसं नाही काका, सवय आहे. ते म्हणाले, सवय बाहेरच्यांना दाखव. माझाही आवाज चढला. म्हटलं, वाचायचा नसतो तर लिहिता कशाला? दादाने कागद उचलला, घडी घातली, खिशात टाकला आणि जिना उतरून गेला. गॅसवर चहा उकळत होता, तो मी एकटीने प्यायले.

मला वाटलं, आठ दिवसांनी शांत होऊन परत आणेल. आणला असता तर मी वाचलाही नसता, डोळे मिटून सही केली असती. त्याने आणला नाही. दिवाळी आली, भाऊबीजेला मी ताट केलं, निरांजन, सुपारी, करंज्या. दुपारी चारपर्यंत वाट बघितली आणि ताट आवरलं. दुसऱ्या वर्षी ताट केलं नाही, पण दिवसभर कुठे बाहेरही पडले नाही. तिसऱ्या वर्षी ऑफिसात गेले. मी जाऊन "आण, करते सही" म्हणायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण मग वाचते म्हणाल्याची माफी मागावी लागली असती आणि ती माझ्याच्याने होईना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते काही खोटं नाही. दादाने एका जमिनीपायी मला तोडलं, असं मी मनाशी धरलं आणि चार वर्षं तेच धरून बसले. राग होता असं मी म्हणायचे. राग कसला, मला त्याची आठवण यायची.

तर गाडी मी एकटीने निवडायला निघाले.

पहिली बघितली ती रेसची. दिसायला देखणी, पण सीट कमरेएवढी उंच आणि हँडल इतकं खाली की सगळं वजन मनगटांवर. माझी मनगटं आधीच टायपिंगने गेलेली. दुसरी जुन्या वळणाची, धकधक करणारी. बसायला सोफा आणि वळवायला म्हैस. मग सायन-पनवेल रस्त्यावरच्या एका शोरूममध्ये ही अमेरिकन गाडी दिसली. अमेरिकन म्हणजे बनते आपल्याकडेच, कंपनी तिकडची. अमेरिकन मोटारसायकल म्हटलं की पाय पुढे पसरून, हात वर टांगून, आरामखुर्चीत बसल्यासारखं जायचं, अशी माझी समजूत होती. ही तसली नव्हती. आखूड, काळी, रुंद हँडलची. पाय सरळ खाली आणि थोडे मागे. अंग पुढे झुकवलं की तीही झुकायला तयार. आणि सीट खाली. मी बसले आणि दोन्ही तळवे पुरते जमिनीला टेकले. चार महिने शोरूम धुंडाळल्यावर जमीन पायाला लागली, याचा मला इतका आनंद झाला की विक्रेत्याला मी उगाचच थँक यू म्हटलं.

तो म्हणाला, "मॅडम, जड आहे हं. दोनशे किलोच्या आसपास जाते. आणि उजव्या पायाला इंजिन तापतं, आधीच सांगतो." खरं बोलणारा विक्रेता बघून मी थोडी घाबरलेच.

कळंबोलीच्या बाजूला सर्व्हिस रोडवर चालवून बघितली. पुढे नेहमीचाच एक ट्रेलर. आरसा बघितला, मूठ पिळली आणि तो डबा एका श्वासात मागे गेला. मी हेल्मेटच्या आत मोठ्याने हसले. हसता हसता तोंडातून "दादा!" निघालं. मग पुढचा अर्धा किलोमीटर मी गाडी हळू चालवली, कारण डोळ्यांत पाणी होतं आणि हेल्मेटची काच वर करून डोळे पुसणं मला चालत्या गाडीवर जमत नाही.

शोरूममध्ये परत आल्यावर फोन हातात घेतला. दादाचा नंबर काढला. विचारायचं इतकंच होतं, पाय टेकतात पण जड आहे, घेऊ का? विक्रेता फॉर्म घेऊन समोर उभा होता. मी फोन पर्समध्ये टाकला आणि म्हटलं, "घेते." फॉर्म चार पानी होता. मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. तो दोनदा घड्याळ बघून म्हणाला, "मॅडम, इथे सगळे नुसती सही करतात." मी म्हटलं, "माहीत आहे." आणि राहिलेली तीन पानं वाचली.

गाडी मिळायच्या दिवशी शोरूमवाल्यांनी फुगे लावले होते. माझ्या आधीच्या माणसाबरोबर नऊजण आले होते, कडेवर दोन पोरं, एक सासूबाई. त्यांचं आवरल्यावर शोरूममधली मुलगी ताम्हण घेऊन माझ्याकडे आली आणि दाराकडे बघत थांबली. म्हणाली, "फॅमिली येऊ दे, मग करू." मी म्हटलं, "आली सगळी." तिला ते कळायला जरा वेळ लागला. मग तिने स्वतःच स्वस्तिक काढलं, गाडीला हळदकुंकू लावलं आणि मलाही लावलं. थर्मोकोलची मोठी किल्ली हातात देऊन माझा फोटो काढला. तो मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. सात अंगठे आले आणि एकाने विचारलं, किती देते?

आता गावाला न्यायची राहिली होती. आमच्याकडे सायकल असो नाहीतर डंपर, नवी गाडी पहिल्यांदा गावदेवीपुढे उभी करायची, तोंड देवीकडे. नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं. ते केल्याशिवाय गाडी आपली म्हणत नाहीत. मी एक दिवस रजा टाकली आणि मुद्दाम भर दुपारची वेळ धरली, म्हणजे गाव जेवून आडवं झालेलं असेल. कुणाला दिसायला नको, असं स्वतःला सांगत होते. दहा घरं जागी होतील असा आवाज करणारी गाडी घेऊन मी गुपचूप निघाले होते. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. दादाने बघावं असंच वाटत होतं, आणि बघून तो बाहेर आला नाही तर काय, याची भीतीही वाटत होती. आमच्या घरावरून जाताना मी मान वळवली नाही. दार उघडं आहे एवढं तरी दिसलं.

देवळासमोरचं अंगण पेव्हर ब्लॉक टाकून नवं केलेलं. उतार थेट देवळाकडे. मी रिवाजाप्रमाणे गाडीचं तोंड देवीकडे करून, पुढचं चाक ओट्याला टेकेपर्यंत खाली आणून लावली. नारळ फोडला, पाणी चाकांवर शिंपडलं, लिंबू ठेवलं, हात जोडले. मागितलं काहीच नाही, कारण जे मागायचं ते देवीपुढे बोलायलाही लाज वाटत होती. आणि मग गाडी काढायला गेले.

ती निघेना. मोटारसायकलला मागे जायचा गिअर नसतो, हे मी सव्वीस वर्षं जाणते. पण जुनी गाडी मी कुठूनही एका हाताने मागे ओढायचे, त्यामुळे उतारावर तोंड घालून लावू नये, हे डोक्यातच आलं नाही. आता पुढे ओटा, उजवीकडे दीपमाळ, मागे चढ आणि मधे दोनशे किलो. बसून पायांनी रेटलं, उतरून ओढलं. मीच फोडलेल्या नारळाच्या पाण्यावर माझा बूट सरकला. गाडी वीतभर मागे आली आणि पुन्हा ओट्याला जाऊन टेकली. ऊन डोक्यावर. घाम डोळ्यांत. मला तिथेच बसून रडावंसं वाटलं.

देवळाच्या सावलीत एक म्हातारी सुकट निवडत बसली होती. ती म्हणाली, "कोनाची गो तू?" मी हेल्मेट काढलं. "अगो बाय, तू हायस! थांब, दादाला हाक मारते." मी नको नको म्हणेपर्यंत तिने उभं राहून हाक घातलीसुद्धा, आणि तिचा आवाज माझ्या गाडीपेक्षा मोठा निघाला.

दादा बनियनवरच आला. केस पांढरे झालेले. मी ते चार वर्षांत पांढरे होताना बघितले नव्हते. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. आधी गाडीभोवती एक फेरी मारली, उकिडवा बसून इंजिन बघितलं, चेनला बोट लावून बघितलं.

"अमेरिकन ना?" 

"हो. बनते इकडेच."

"बसल्यावर पाय टेकतान?"

"दोन्ही. पुरते."

त्याने मान हलवली. "मंग बराबर घेतलीस."

मग म्हणाला, "उतारावर तोंड घालून लावतात का गो अशी गाडी? तू हँडल धर. मी फुडून रेटतो." तो ओट्यावर चढला, पुढच्या चाकाच्या दोन्ही नळ्यांना हात लावले आणि जोर केला. मी बाजूने ओढत होते. दोन पावलं, थांब, ब्रेक दाब, पुन्हा दोन पावलं, असं करत गाडी सपाट रस्त्यावर आली. दोघांनाही धाप लागली होती. म्हातारीने पुन्हा सुकटीत डोकं घातलं, पण कान इकडेच होते.

मी म्हटलं, "दादा, तो कागद कधीही आण. मी सही करते. वाचायचा पण नाही मला."

तो बनियनला हात पुसत राहिला. "कागद नाय आता."

"म्हणजे?"

"तू म्हनालीस वाचून करते. मी घरी येऊन पयल्यांदा वाचला. तवापातुर कोनीच वाचला नव्हता, काकांनी पन नाय. त्यात लिवला होता, यापुढं हिचा या घराशी कसलाच संबंध राहिला नाय. तुजा नाव खाली, आनि वर असा लिवलेला. मी चुलीत घातला. काका त्या दिसापासून माज्याशी बोलत नाय. तसाच दुसरा कागद करून ठेवलाय त्यांनी, मी तुज्याकडं निघायची वाट बगतान, संगती येऊन तुजी सही घ्यायला."

मला ती भाऊबीजेची सगळी दुपार एकदम आठवली, ताट, निरांजन, चार वाजलेले. मी म्हटलं, "फोन तरी करायचास रे. एकदा यायचंस. मी इतकी वाट बघत होते की काकांनी कुठलाही कागद पुढे केला असता तर मी सही करून मोकळी झाले असते."

"म्हायती हाय," दादा म्हणाला. "म्हनूनच नाय आलो."